शाळेच्या वाटेचा आराखडा: पायी आणि सायकलने जाणाऱ्या मुलांसाठी नागपुरात नियोजनाची मदत कशी उभी करता येईल?

धागाकर्ती: समिती सदस्य, मानेवाडा

दक्षिण नागपुरातील एका अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक प्रतिनिधी आहे. आमची बहुतेक मुले शाळेपासून दोन-अडीच किलोमीटरच्या आतच राहतात. एवढे अंतर पाचवी-सहावीपुढच्या मुलाला सायकलने पंधरा मिनिटांचे आहे, आणि जी मुले किलोमीटरभरात राहतात त्यांना चालत येण्यासही तेवढाच वेळ लागतो. असे असूनही शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोर दुचाकी, व्हॅन आणि ऑटो यांची एवढी दाटी होते की, जी थोडी मुले अजूनही पायी किंवा सायकलने येतात, त्यांनाच तीतून वाट काढावी लागते. पालकांना विचारले तर प्रत्येक जण एकच कारण सांगतो: रस्ता सुरक्षित नाही, म्हणून आम्ही गाडीने सोडतो. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यांच्या गाडीमुळे तोच रस्ता शेजारच्या मुलाला अधिक असुरक्षित होतो, हेही तितकेच खरे आहे. हा पेच एकट्या पालकाच्या सदिच्छेने सुटणारा नाही.

काही काळापूर्वी आमच्या समितीने एका कार्यालयाकडे गतिरोधक आणि झेब्रा पट्ट्यांची मागणी केली होती. उत्तरादाखल आम्हालाच प्रश्न विचारण्यात आले. रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे, मुले किती वाजता कोणत्या ठिकाणी तो ओलांडतात, पावसाळी नाली कोणत्या बाजूस आहे, गतिरोधक घातल्यास पाणी कोठे तुंबेल? प्रश्न रास्त होते. मात्र त्यांची उत्तरे देणे हे शाळेचे काम नाही आणि शाळेला ते जमणारही नाही. शाळेत गणित, भाषा आणि विज्ञान शिकवणारी माणसे आहेत, रस्त्याचा नकाशा काढणारे कोणी नाही. म्हणून मी या निष्कर्षाला आले आहे की, शाळांना रंग, फलक किंवा सायकली यांच्याही आधी हवी आहे ती नियोजनाची मदत. कोणीतरी जाणकाराने शाळेसोबत बसून मुलांची वाट कागदावर मांडावी, तिच्या प्रत्येक तुकड्याची जबाबदारी कोणाची ते लिहावे आणि काम करता येईल असा आराखडा शाळेच्या हाती द्यावा.

इतरत्र हे कसे घडले ते वाचताना मला एक गोष्ट विशेष वाटली. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात १९७०च्या दशकात शाळेच्या सुरक्षित वाटांचे काम सुरू झाले, तेव्हा धोक्याच्या जागा कोणत्या हे मुलांनाच विचारण्यात आले होते. अमेरिकेने २००५ साली याच कामासाठी संघराज्याच्या वाहतूक कायद्यात पाच वर्षांकरिता सुमारे ६१ कोटी डॉलरची तरतूद केली. तीत प्रत्येक राज्याने या कामासाठी पूर्णवेळ समन्वयक नेमावा अशी अट होती, आणि निधीचा १० ते ३० टक्के भाग बांधकामाऐवजी शिक्षण, अंमलबजावणी आणि तत्सम कामांसाठी राखून ठेवलेला होता. मिनेसोटासारखी राज्ये तर आजही शाळांना नियोजनासाठी वेगळे साहाय्य देतात. तेथे नियोजनकार शाळेत येतो, भरण्या-सुटण्याच्या वेळी उभे राहून निरीक्षण करतो, पालकांची प्रश्नावली घेतो, शिक्षक आणि स्थानिक अधिकाऱ्यांसह वाट चालून पाहतो आणि मग आराखडा लिहितो. बांधकामाचा निधी मागायचा तो त्यानंतर.

नागपुरात अशी रचना नाही, पण ती उभी करण्याजोगी माणसे आणि संस्था या शहरात नक्कीच आहेत. आपल्यापैकी ज्यांना रस्त्यांचे, कायद्याचे किंवा शाळेच्या कारभाराचे ज्ञान आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती करते.

प्रतिसाद: निवृत्त अभियंता, धंतोली

ताई, आपण प्रश्न योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे. भारतातील रस्त्यांच्या विकासाचा पहिला वीस वर्षांचा आराखडा १९४३ साली मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत याच शहरात ठरला, आणि देशभरचे अभियंते आजही तो नागपूर आराखडा म्हणूनच शिकतात. त्यात राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत प्रत्येक रस्त्याला वर्ग मिळाला आणि त्यासोबत त्याची जबाबदारी घेणारी यंत्रणाही ठरली. शाळेच्या वाटेला मात्र कोणताच वर्ग नाही. ती चार वेगवेगळ्या यंत्रणांच्या रस्त्यांवरून जाते, म्हणून ती कोणाचीच नसते.

त्यामुळे पहिले काम मालकी ठरवण्याचे. नागपुरात एकाच मुलाच्या वाटेत महापालिकेचा रस्ता, नागपूर सुधार प्रन्यासाच्या लेआउटमधील (आखलेल्या वसाहतीतील) रस्ता, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता आणि एखादा राष्ट्रीय महामार्ग येऊ शकतो. शहराच्या कडेला महानगर प्रदेश विकास प्राधिकरण किंवा नगरपंचायतही येते. नकाशावर प्रत्येक यंत्रणेला वेगळा रंग द्यावा. मागणीचे अर्ज त्या रंगांप्रमाणे वेगळे करावेत आणि एका अर्जात एकाच यंत्रणेचे काम मागावे. आयुक्तांना उद्देशून लिहिलेले सरसकट निवेदन टेबलांवरून फिरत राहते, पण झोनच्या अभियंत्याला ठिकाण, माप आणि छायाचित्र यांसह दिलेला एका कामाचा कागद त्याला अंदाजपत्रकात घेता येतो.

दुसरा मुद्दा मापांचा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे, म्हणजे आयआरसी १०३ प्रमाणे, पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. मोकळी रुंदी म्हणजे विजेची डीपी पेटी, विजेचा खांब, झाड, पानठेला आणि लावलेल्या गाड्या वगळून उरते ती. टेप घेऊन मोजले की पुष्कळ ठिकाणी ती शून्यावर येते, आणि हे छायाचित्रासह लिहिणे कोणत्याही तक्रारीपेक्षा परिणामकारक ठरते.

याच मार्गदर्शिकेत रस्ता ओलांडण्याच्या सोयीसाठी एक कसोटी दिली आहे. गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनांच्या संख्येच्या वर्गाने गुणावे आणि गुणाकार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर तेथे क्रॉसिंगची गरज मानावी. मोठ्या बाजारपेठेत ती उपयोगी आहे, पण शाळेपाशी ती फसवी ठरते, कारण जो रस्ता सर्वांत धोकादायक तेथे मुले मुळात पायी येतच नाहीत. पादचाऱ्यांची संख्या कमी भरते आणि कागदावर गरज नाही असे दिसते. अपघातप्रवण स्थळ ठरवण्याची पद्धतही तशीच आहे. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा जणांचा मृत्यू झाला, तर ते स्थळ यादीत येते. शाळेपुढच्या रस्त्याने ही अट पूर्ण करण्याची वाट आपण पाहायची का? म्हणून आराखड्यात आज चालणाऱ्या मुलांची संख्या द्यावी आणि तिच्यासोबत किलोमीटरभराच्या आत राहणाऱ्या सर्व मुलांची संख्याही द्यावी. खरी मागणी दुसऱ्या आकड्यात आहे.

आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. सिमेंटचा थर आणि कडेचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, यांच्या पातळीत फरक राहिला की, मागून गाडी आल्यावर कडेला होणाऱ्या सायकलस्वाराचे चाक त्या खाचेत अडकते. हा फरक पट्टी ठेवून मोजता येतो आणि तो दुरुस्त करण्यास फार खर्चही येत नाही. पालक ज्याला ‘रस्ता खराब आहे’ असे म्हणतात, त्यातील बराच भाग या खाचेचा, उघड्या चेंबरचा आणि तुटलेल्या जाळीचा असतो. आराखड्यात ही लहान कामे आधी घ्यावीत.

प्रतिसाद: पालक, बेसा रोड

मला या चर्चेत दुसरी बाजू मांडायची आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे आहे, पण प्रत्यक्षात आमच्या भागातील पुष्कळ मुले सात-आठ किलोमीटर दूरच्या शाळांत जातात. त्यांना पायी किंवा सायकलने जा असे सांगणे अन्यायाचे होईल. शिवाय हे नागपूर आहे. मार्चपासून शाळा सकाळची होते, तरी सुटताना ऊन डोक्यावर असते. एप्रिलमध्ये दुपारी पारा बेचाळीसच्या वर जातो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, म्हणजे सव्वासातच्या शाळेसाठी निघालेले मूल जवळजवळ अंधारातच सायकल काढते. ज्या देशांची उदाहरणे दिली जातात तेथे थंडीचा प्रश्न असेल, उन्हाचा नसतो. आराखड्यात या गोष्टींना जागा नसेल तर पालक त्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

प्रतिसाद: समिती सदस्य, मानेवाडा

आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. दूरच्या मुलांची बस किंवा व्हॅन काढून घेण्याचा विचार कोणाच्याही मनात नाही. जवळची मुले गाडीतून उतरली तर फाटकासमोरची जागा दूरच्या मुलांच्या बसला मोकळी मिळेल, एवढाच त्याचा संबंध आहे. उन्हाबद्दल मात्र मला जाणकारांकडून ऐकायचे आहे, कारण आमच्या समितीत हाच प्रश्न सर्वाधिक वेळा निघतो.

प्रतिसाद: नियोजनाची विद्यार्थिनी

मी नगर नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. वर्गात शिकलेली पद्धत आपल्या शहराला कशी लागू होईल, यावर माझे म्हणणे मांडते.

सुरुवात घरांच्या नकाशाने व्हावी. शाळेच्या नोंदवहीत पत्ते असतात. मुलांची नावे न घेता केवळ लेआउट आणि चौकाप्रमाणे संख्या मांडली की, मुले कोणत्या दिशांनी येतात ते स्पष्ट होते. बहुतेक शाळांच्या बाबतीत बरीचशी मुले तीन-चार वाटांवर एकत्र येतात. सगळा परिसर सुधारण्याचा विचार केल्यास काम अशक्य वाटते, पण या तीन-चार वाटांचे शेवटचे पाचशे मीटर एवढेच लक्ष्य ठेवले तर ते आवाक्यात येते. नकाशावर मुलांचे घरचे पत्ते कधीही दाखवू नयेत आणि तो सार्वजनिक ठिकाणी लावू नये, ही काळजी मला फार महत्त्वाची वाटते.

त्यानंतर वाट चालून पाहणे. या फेरीत मुख्याध्यापक, दोन-तीन पालक, झोनचा अभियंता, वाहतूक पोलिस आणि मुख्य म्हणजे मुले असावीत. चौथीतल्या मुलाची नजर मोठ्या माणसापेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या गाडीआडून त्याला रस्ता दिसत नाही आणि चालकालाही तो दिसत नाही. मोठ्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, म्हणून निरीक्षकाने प्रत्येक क्रॉसिंगपाशी खाली बसून छायाचित्र घ्यावे. रस्त्याची रुंदीही मोजावी. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने चोवीस मीटरचा रस्ता ओलांडण्यास वीस सेकंद लागतात, आणि लहान मुलांना त्याहून अधिक. सिग्नलचा पादचारी टप्पा त्यापेक्षा कमी असेल तर मूल मध्येच अडकते. अशा ठिकाणी दुभाजकात थांबण्यापुरती जागा करणे हा तुलनेने स्वस्त उपाय आहे. मात्र सायकलसह उभे राहायचे असेल तर ती जागा दोन मीटर तरी रुंद हवी, कारण सायकलचीच लांबी त्याच्या जवळपास असते.

वेगाचा मुद्दा पालकांना पटवताना साधा हिशेब उपयोगी पडतो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे चौदा मीटर जाते आणि तीसच्या वेगाची आठ मीटर. मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर पन्नासच्या वेगात गाडी तीसच्या गाडीपेक्षा सहा मीटर पुढे आलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर त्याहूनही अधिक वाढते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने, जेथे पायी चालणारे आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी असे जाहीर केले, त्यामागे हेच कारण आहे. तो वेग फलकाने मिळत नाही. फाटकासमोर पदपथाच्या उंचीला आणलेले क्रॉसिंग केले तर मूल सपाट चालत जाते आणि चढ गाडीला चढावा लागतो. गट्टूंचे असे क्रॉसिंग बांधणे आपल्या ठेकेदारांना अवघड नाही. पाण्यासाठी दोन्ही कडांना वाहिनी ठेवली म्हणजे धागाकर्त्या ताईंना विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते.

आता उन्हाबद्दल. सावली हा नागपूरच्या आराखड्याचा स्वतंत्र नकाशा असावा, असे माझे ठाम मत आहे. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सुटण्याच्या वेळी वाट चालून कोठे सलग सावली आहे आणि कोठे नाही हे नोंदवावे. सिव्हिल लाइन्स किंवा धरमपेठेतील जुन्या झाडांच्या रस्त्यांवर त्या वेळीही चालता येते. दक्षिण आणि पूर्वेकडच्या नव्या लेआउटमध्ये ते कठीण जाते. त्यामुळे दोन समांतर गल्ल्यांपैकी सावलीची गल्ली शाळेची वाट म्हणून निवडावी, जेथे मोकळा पट्टा आहे तेथे कडुनिंब, करंज अशी येथे टिकणारी झाडे वृक्षारोपणाच्या कामात मागून घ्यावीत आणि पदपथाच्या कामात असलेले झाड तोडले जाणार नाही याची नोंद आराखड्यात करावी. नागपूरला उष्णता कृती आराखडा आहे. शाळेच्या वाटेवरील सावली आणि पिण्याचे पाणी त्याला जोडून मागता येईल. इतके करूनही एप्रिलचे काही दिवस असे असतील की मुलांनी चालू नये. त्या दिवसांसाठी पर्याय आधीच लिहून ठेवावा.

या सर्व कामासाठी मनुष्यबळ कोठून येणार, हा खरा प्रश्न आहे. आपल्या शहरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, स्थापत्यशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना दर सत्रात सर्वेक्षणाचे काम करावेच लागते. शाळेने विभागप्रमुखांना रीतसर पत्र देऊन एक वाट सत्रकार्य म्हणून सुचवली, तर नकाशे, मोजणी आणि आडव्या छेदांची रेखाटने मिळू शकतात. मात्र विद्यार्थी सत्र संपताच निघून जातात, त्यामुळे कागदपत्रे समितीच्या ताब्यात राहतील अशी व्यवस्था प्रथमच करावी.

प्रतिसाद: गणिताचे सर, महाल

आमच्या शाळेतील आरएसपी, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल, हे विद्यार्थ्यांचे रस्ता सुरक्षा पथक माझ्याकडे आहे. महाल-इतवारीच्या गल्ल्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे पदपथासाठी जागाच नाही, रुंदीकरण शक्य नाही आणि सकाळी वाहनांतून माल त्याच गल्लीत उतरवला जातो. अशा भागात वेळेचे नियोजन अधिक उपयोगाचे ठरते. इटलीतील बोल्झानो शहराने १९८९ पासून शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेसमोरचा रस्ता थोड्या वेळासाठी वाहनांना बंद ठेवण्यास सुरुवात केली, आणि ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडे वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने एखादी गल्ली सकाळी वीस मिनिटे आणि दुपारी वीस मिनिटे मोकळी ठेवता येईल. दुकानदारांशी आधी बोलले पाहिजे. त्यांचीही मुले याच शाळांत आहेत, आणि चर्चा शांतपणे झाली तर मालाची वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे करण्यास ते तयार होतात असा माझा अनुभव आहे.

लहान मुलांसाठी एकत्र चालण्याची पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते. ठरलेल्या वाटेवर ठरलेल्या वेळी एक-दोन मोठी माणसे निघतात, प्रत्येक थांब्यावर मुले सामील होतात आणि सर्व जण मिळून शाळेत पोहोचतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात ही कल्पना मांडली गेली आणि तिला चालती बस असे म्हटले गेले. आपल्या वस्त्यांमध्ये आजी-आजोबा मुलांना सोडायला जातातच, त्यांचीच पाळी लावायची. पण हे काम उत्साहावर सोडल्यास पहिल्या पावसात बंद पडते. पाळीचा तक्ता, बदली माणूस, मूल आले नाही तर कोणाला कळवायचे याची ठरलेली रीत आणि मुलांसोबत जाणाऱ्या प्रत्येकाची शाळेने केलेली ओळख-नोंद, एवढे कागदावर असलेच पाहिजे.

आणखी एक बदल लक्षात घ्यावा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले. मुलांच्या झोपेसाठी हे हिताचे आहे, पण त्यामुळे सर्वांत लहान मुले आता कार्यालयांच्या गर्दीच्या वेळी रस्त्यावर येतात. जुनी निरीक्षणे या मुलांना लागू पडणार नाहीत. मोजणी नव्याने नऊच्या सुमारास करावी लागेल.

प्रतिसाद: नंदनवनची आई

माझी मुलगी नववीत आहे आणि सायकलने जाते. मुलींच्या बाबतीत धोक्याची व्याख्या केवळ वाहनांपुरती ठेवू नये. क्लास सुटल्यावर संध्याकाळी कोणत्या वळणावर दिवे नाहीत, कोणत्या ठेल्यापाशी टोळकी उभी असतात, कोणत्या मोकळ्या भूखंडाजवळून जाताना मुली सायकल जोरात हाणतात, हे मुलींना वेगळे बसवून विचारले तरच कळते. मुलग्यांसमोर त्या बोलत नाहीत. आमच्याकडे मुलींनी सांगितलेली एक गल्ली पालकांच्या यादीत मुळीच नव्हती, कारण दिवसा ती सर्वांत शांत आणि चांगली वाटते.

२००६ पासून बिहारने नववीच्या मुलींना सायकली दिल्यावर त्यांचे शाळेतील प्रमाण वाढले, आणि आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. सायकलने मुलीचे शिक्षण पुढे जाते, याविषयी कोणाच्या मनात शंका उरू नये. म्हणूनच भीतीपोटी ती सायकल घरात उभी राहिली तर मला त्याचे फार वाईट वाटते.

प्रतिसाद: वकील, जिल्हा न्यायालय

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी सांगतो, कारण नवी समिती स्थापन करण्याच्या आधी अस्तित्वात असलेल्या समित्या वापरणे शहाणपणाचे आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे आवश्यक आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघ, वाहतूक पोलिस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभाग आणि स्थानिक प्राधिकरण यांचे प्रतिनिधी तिचे सदस्य असतात. म्हणजे वाट चालून पाहण्यासाठी जी माणसे हवीत असे वर लिहिले आहे, त्यातील बहुतेक एका टेबलाभोवती आणण्याची तरतूद आधीपासून आहे. या समितीच्या विषयपत्रिकेवर बसचे भाडे आणि थांबे असतात. पायी व सायकलने येणाऱ्या मुलांची वाट हा विषय तीत घेण्यास काहीही अडचण नाही. व्यवस्थापन समितीने तसा ठराव करून मुख्याध्यापकांना द्यावा. खासगी विनाअनुदानित शाळांना शिक्षण हक्क कायद्यातील व्यवस्थापन समितीची तरतूद लागू नाही, त्यांनी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून हा ठराव आणावा.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी, अडथळे नसलेले आणि दिव्यांगांनाही वापरता येतील असे पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील, म्हणजे जगण्याच्या हक्कात येणारा, हक्क आहे असे स्पष्ट केले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) आणि २१०ड खाली पादचारी, विनामोटार वाहने आणि रस्त्यांचे आराखडे यांविषयी सहा महिन्यांत नियम करावेत असा आदेश दिला. अर्जात या आदेशांचा एका वाक्यात उल्लेख करावा, त्याचा गजर करू नये. अधिकाऱ्याला न्यायालयाची भीती घालण्यापेक्षा त्याच्या हातात पूर्ण तयार कागद देणे अधिक फलदायी असते.

पालकांसाठीही एक गंभीर बाब आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल किंवा स्कूटर देणाऱ्या पालकास अथवा वाहनमालकास कलम १९९अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आठवी-नववीची मुले गाडीवर शाळेत येतात हे आपण सर्व जण पाहतो. त्यांच्यासाठी सुरक्षित सायकलमार्ग हाच खरा पर्याय आहे, आणि केवळ कारवाईची मागणी करून तो निर्माण होणार नाही.

प्रतिसाद: शाळेची व्हॅन चालवणारा, खामला

आमच्याकडे बहुधा अडथळा म्हणूनच पाहिले जाते, म्हणून लिहितो. फाटकासमोर थांबायला आम्हालाही आवडत नाही. पालकाला मूल फाटकातच उतरलेले हवे असते आणि शाळेने दुसरी जागा दिलेली नसते. फाटकापासून शंभर-दीडशे मीटरवर, रस्ता ओलांडावा लागणार नाही अशा बाजूला उतरण्याची जागा आखून दिली आणि तेथून फाटकापर्यंत शिक्षक किंवा मोठी मुले उभी राहिली, तर आम्ही आनंदाने तेथे थांबू. आराखडा करताना दोन-तीन व्हॅनचालकांना बैठकीला बोलवा. कोणत्या चौकात किती वाजता काय होते, हे आम्हाला रोज दिसते.

प्रतिसाद: निवृत्त अभियंता, धंतोली

व्हॅनचालक दादांची सूचना आराखड्यात अवश्य घ्यावी. उतरण्याची जागा दूर नेणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत लवकर होणारा बदल आहे.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट राहिली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो, म्हणून रस्त्याची कामे त्याआधी उरकली पाहिजेत. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ठरते, तेव्हा कामाचे अंदाज जानेवारीपर्यंत झोन कार्यालयात पोहोचले पाहिजेत. याचा अर्थ मोजणी आणि फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच व्हावी. पाणी कोठे तुंबते याची छायाचित्रे मात्र जुलै-ऑगस्टमध्येच घ्यावी लागतील, ती नंतर मिळणार नाहीत. मोठ्या कामाला दुसरे वर्ष लागेल असे गृहीत धरावे आणि पहिल्या वर्षी पट्टे, जाळ्या, गट्टूंची पातळी, दिवे आणि उतरण्याची जागा एवढेच मागावे. शाळेच्या आत छपराखाली सायकल स्टँड आणि हवा भरण्याचा पंप ही शाळेची स्वतःची कामे आहेत; त्यांसाठी कोणाची परवानगी लागत नाही.

प्रतिसाद: समिती सदस्य, मानेवाडा

आपणा सर्वांच्या उत्तरांवरून आमच्या समितीपुढे ठेवण्याचा मसुदा मी तयार करत आहे. परिवहन समितीच्या पुढील बैठकीत पायी व सायकलने येणाऱ्या मुलांची वाट हा विषय घ्यावा असा ठराव त्यात पहिला असेल. घरांचा नकाशा शाळेच्या कार्यालयातच, नावांशिवाय तयार होईल. मुलींशी वेगळे बोलण्याचे काम दोन शिक्षिकांनी घ्यावे असे सुचवणार आहे, आणि व्हॅनचालकांना पहिल्याच बैठकीस बोलावणार आहे.

नियोजनाच्या विद्यार्थिनीला विनंती आहे की, विभागप्रमुखांना द्यायच्या पत्रात काम किती व्याप्तीचे लिहावे हे कळवावे. आमच्या अंदाजाने दोन वाटा आणि फाटकासमोरचा पट्टा एवढे पुरे होईल. गणिताच्या सरांनी त्यांच्या पाळीच्या तक्त्याचा नमुना येथे टाकला तर इतर शाळांनाही तो वापरता येईल.

प्रतिसाद: नियोजनाची विद्यार्थिनी

एका सत्रात एकच वाट घ्यावी आणि तिच्यासोबत फाटकासमोरचा पट्टा घ्यावा. दोन वाटा घेतल्या तर मोजणी होते, पण रेखाटने अपुरी राहतात, आणि अभियंत्याला उपयोग रेखाटनांचाच असतो. पत्रात मुलांची एकूण संख्या, शाळा भरण्या-सुटण्याच्या सर्व वेळा आणि समितीचा ठराव जोडावा. मोजणीचे दिवस परीक्षेच्या आठवड्यात येणार नाहीत हे शाळेने आधीच पाहून सांगावे, कारण परीक्षेच्या दिवसांत वेळा बदलतात.

प्रतिसाद: गणिताचे सर, महाल

तक्ता रविवारी टाकतो. त्यात थांब्यांची नावे काढून केवळ रकाने ठेवतो, म्हणजे कोणत्याही शाळेला ते भरता येतील.